लेकींच्या वाटेनं दिवेआगरपर्यंत

एकट्या माणसानं रायगडच्या किनाऱ्याला जाऊ नये. गेलंच तर खोली आधी ठरवून जावं. मी न ठरवता गेलो आणि नागावात तीन दारांवरून परत फिरलो.

"फॅमिली हाय का?"

"नाही."

"ग्रुप?"

"नाही हो. मी एकटाच."

"मग न्हाय जमायचा, काका. एकट्याला देत न्हाय आमी."

तिसऱ्या दारात मी जरा चिडूनच कारण विचारलं. त्या बाई खाली बघत म्हणाल्या, "एकटी माणसं येतात नि काय बाय करून घेतात. मंग आमाला पोलीस स्टेशनच्या फेऱ्या." मी म्हटलं, "अहो बाई, मी फलटणहून आलोय. तेवढंच करायचं असतं तर आमच्याकडे विहिरी काय कमी आहेत?" बाई खळखळून हसल्या, थंड पाणी दिलं, खोली काही दिली नाही. शेवटी अलिबागला मागं येऊन स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. तिथं कोर्टाच्या तारखेला येणारी माणसं राहतात, त्यामुळे एकटेपणाचं कुणाला काही वाटत नाही.

आता मी तिथं कशाला तडफडलो ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी बत्तीस वर्षं घरोघरचे विजेचे मीटर वाचले. लोकांच्या दारापर्यंत जाणं आणि दारातूनच परतणं हा माझा धंदा. बायको सुमन चार वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. गेल्या श्रावणात मला मलेरिया झाला. ताप उतरला, पण तो परत उलटू नये म्हणून ज्या गोळ्या देतात त्या सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी काळी व्हायला लागली. डोळे पिवळे, उभं राहिलं की अंधारी. शेजाऱ्यानं गाडीत घालून पुण्याला नेलं. तीन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा शुद्धीवर आलो.

तिथल्या डॉक्टरबाई लहान वयाच्या होत्या, पण बाई चांगली. खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसली आणि सांगायला लागली. काका, सगळ्या माणसांचं डीएनए म्हणजे जवळजवळ एकच लिहिलेला मजकूर. पण काही ठरावीक जागी कुणाचं एक अक्षर असं असतं, कुणाचं तसं. असा फरक पुष्कळ लोकांत सापडला की त्याला बहुरूपता म्हणायचं. त्यात चूक-बरोबर काही नसतं. कुणाचा रक्तगट ए, कुणाचा बी, तसंच हे. बहुतेक फरकांनी काही म्हणजे काही बिघडत नाही. तुमच्यातल्या एका फरकानं मात्र तांबड्या पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम कमी पडतं. एरवी कळतसुद्धा नाही. विशिष्ट औषध पोटात गेलं की पेशी धडाधड फुटतात.

"मग असला फरक राहिलाच कशाला माणसात?" मी विचारलं.

"कारण तो उपयोगी पडला," ती म्हणाली. "असं रक्त असलं की मलेरियाचा तडाखा कमी बसतो. जिथं पिढ्यान्‌पिढ्या ताप होता तिथं अशी माणसं जास्त तगली. तुमच्या घरचं कुणी समुद्राकाठचं होतं का?"

म्हणजे बघा, ज्या तापातून आमच्या आज्या-पणज्या तरल्या, त्याच तापाच्या गोळीनं मी आडवा झालो. मला हसू आलं. पण तिनं पुढं जे विचारलं त्यानं हसू गेलं. हा फरक एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतो, आणि मुलग्याला ते गुणसूत्र आईकडूनच मिळतं. म्हणजे माझ्यात आलं ते आईकडून. आईच्या बहिणी, त्यांच्या मुली, त्या मुलींची मुलं, यांच्यात कुणाकुणाकडे असणार. बायकांना सहसा त्रास होत नाही, त्या फक्त पुढं देतात. "त्यांना कळवाल ना? आता औषध देण्याआधी रक्त बघता येतं. पण बघायचं कुणाचं, हे आधी ठाऊक हवं."

मी हो म्हटलं. काय बोलणार? मी सहा वर्षांचा असताना आई गेली. बापानं दुसरी केली. आईचं माहेर चौलच्या पलीकडे, गावाचं नाव ठाऊक, मामाचं नाव ठाऊक, पुढं अंधार. आजोळशी कधीच तुटलं होतं आणि का तुटलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आलो. डॉक्टरबाईंनी टाळायच्या गोष्टींची एक यादी दिली होती ती भिंतीला चिकटवली. अमुक गोळ्या, तमुक गोळ्या, आणि शेवटी चक्क डांबराच्या गोळ्या, कपाटात टाकतो त्या. शेजारच्या मास्तरांनी मोबाइलवर वाचून त्यात वालाची भर घातली, म्हणून सहा महिने वालाचं बिरडं सोडलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंना विचारलं तर ती पोट धरून हसली. "काका, पुस्तकातली ती शेंग वेगळी. आपले वाल खा हो खुशाल." आता हे माझे सहा महिने कोण भरून देणार?

खरं कारण सांगू का? कळवणं हे कर्तव्य होतं, मान्य. पण मला माझं म्हणावं असं कुणीतरी बघायचं होतं. माघ लागला, बॅग भरली.

चौलच्या पलीकडे

आमच्याकडे माघात शेतं उसानं भरलेली. इकडं भात कापून गेलेलं आणि त्याच मातीत वाल. पाणी न देता, नुसत्या ओलीवर. ओळीनं शेतं, मध्ये बांध, आणि बांधावर खाऱ्या वाऱ्यानं एका बाजूला वाकलेली झाडं. गावात शिरेपर्यंत तिघांनी विचारलं, "कोणाकडं?" आमच्याकडे कुणी विचारत नाही. इथं विचारतात आणि उत्तर दिलं की पोचवूनही येतात.

मामा जाऊन वीस वर्षं झाली होती. घरात मामाचा मुलगा अनंत, पन्नाशीचा, अलिबागला सरकारी कचेरीत शिपाई. त्यानं मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. पण आईचं नाव सांगितल्यावर त्यानं एकदम चटई अंथरली. चहा आला, पाठोपाठ तांदळाची भाकरी आणि सुकट. मी येण्याचं कारण सांगितलं. त्याला ते अर्धंमुर्धं कळलं, पण "घराण्यातली माणसं पाहिजेत" एवढं कळल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. उठून भिंतीवरची तसबीर काढून त्यानं माझ्या मांडीवर ठेवली. घराण्याची वंशावळ! देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी सगळ्या भावकीनं मिळून छापली होती. सात पिढ्या, झाडाच्या फांद्यांवर गोल गोल नावं.

मी वही काढली आणि उतरवायला लागलो. मीटर वाचून वाचून आकडे-नावं बिनचूक उतरवायची सवय. तासभर लिहीत होतो. पन्नास-साठ नावं झाली असतील. मग एकदम थांबलो आणि कपाळावर हात मारून घेतला. अरे माणसा, काय करतोयस तू? त्या झाडावर एकही बाई नव्हती. सगळे मुलगे, त्यांचे मुलगे, त्यांचेही मुलगे. आणि मला हवं होतं ते तर लेकींमधून गेलेलं! मामाकडे ते असतं तरी अनंतला मिळालं नसतं, कारण मुलाला बापाचं ते गुणसूत्र मिळतच नाही. त्या तसबिरीतला एकही माणूस माझ्या कामाचा नव्हता, आणि पुण्याहून इतकं शिकून येऊन मी मान खाली घालून ती उतरवत बसलो होतो.

"यात माझी आई कुठाय?" मी विचारलं.

"लेकींचा काय लिवायचा?" अनंत साधेपणानं म्हणाला. "त्या दुसऱ्या घरच्या ना."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. आमच्याकडेही वेगळं काय आहे?

मामी पडवीत वाल निवडत बसली होती. पंच्याऐंशीची असेल. ती तिथूनच म्हणाली, "ते कागदाव न्हाय मिलायचा. माज्याकडं ये."

मी तिच्यापाशी जाऊन बसलो. वाल निवडता निवडता तिनं सांगितलं. दोघीच बहिणी. माझी आई आणि सगुणा. सगुणा दिवेआगरला दिली. सगुणा गेली, पण तिची लेक कुंदा तिथंच आहे. भाऊ नाही म्हणून घरजावई आणला.

"सगुणामावशीला मुलगा नाही झाला?"

"झालेला. पयलाच. न्हाय लाभला." तिनं एक किडका वाल बाजूला टाकला. "ह्या घरच्या लेकींना पयला मुलगा लाभतच न्हाय. कुंदाचा बी गेला. सटवीचा कोप हाय. तुज्या आयचा बी गेला."

"माझ्या आईचा?"

"तुला ठाव न्हाय?" मामीनं सूप खाली ठेवलं. "तुज्या आधी झाला तिला. हितंच झाला, ह्या मधल्या खोलीत. पाचवी पुजली, नि मंग पिवला पडला. आठव्या दिशी गेला. तुजी फलटणची आजी लय भांडली. म्हणाली, तुमच्या घरात माजा नातू मारला. परत धाडलीच न्हाय तिला. तुज्या वेलंला तिकडंच बालंत झाली. तवापास्नं येनाजाना बंद."

एकसष्ट वर्षांचा झालो आणि मला एक भाऊ होता हे मला त्या पडवीत कळलं. त्याला नावसुद्धा ठेवलं नव्हतं. मी ती मधली खोली बघून आलो. भाताच्या कणगीशिवाय तिथं काही नव्हतं. पण पाय निघेना. सुमन असती तर तिला फोन करून सांगितलं असतं. फोन हातात घेतला आणि कुणाला लावायचा हेच कळेना.

दिघीला जाताना

मुरूडहून आगरदांड्याला आलो. तिथून खाडी ओलांडून दिघीला फेरीबोट जाते, गाड्या-माणसं सगळं पोटात घालून. बोटीवर पुण्याचं एक मोठं कुटुंब होतं. आजोबांपासून तान्ह्यापर्यंत नऊजण. "काका, एक फोटो काढता का आमचा?" एकटा माणूस दिसला की हे काम त्याचंच. मी चांगलं वाकून-बिकून काढला, तर तो निघाला व्हिडिओ, आणि त्यात "हे बटण कुठंय च्यायला" असं माझंच बोलणं. सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांनी डबा उघडला आणि मी कठड्याला जाऊन जंजिऱ्याकडे बघत उभा राहिलो.

मामीचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. पिवळा पडून गेला, म्हणजे आमचंच हे. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की तान्ह्या मुलांना याची कावीळ जोरात होते. पण सगळ्यांना? आणि पाचवीनंतरच? मला कुणी सांगितलं असतं की योगायोग, तर मी मानलं असतं.

दिवेआगर

वादळात इथल्या वाड्यांची काय दशा झाली ते पेपरात वाचलं होतं. बघितल्यावर कळलं. उंच जुन्या पोफळी मोजक्याच, त्यांच्या मधे सगळी कंबरेएवढी नवी रोपं. कुंदाचं घर वाडीच्या तोंडाशी. अंगणात सुपारी वाळत घातलेली आणि एक ठेंगणी, सावळी, पन्नाशीची बाई फडक्यानं कावळे हाकत होती.

मी नाव सांगितलं, आईचं सांगितलं. ती बघतच राहिली. मग फडकं टाकून जवळ आली, माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "माज्या आयचाच नाक हाय रं तुला!" आणि रडायला लागली. अशी अनोळखी बाई गळ्यात पडून रडल्यावर माणसानं काय करावं? मीही रडलो.

कुंदाचा नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, पंधरा दिवसांनी येतो. घरात ती आणि तिची लेक प्राची. प्राची पहिलटकरीण, नववा लागलेला, बाळंतपणाला माहेरी आलेली. पोरगी पनवेलला औषधाच्या दुकानात काम करते, बोलायला चटपटीत. मला पहिल्या क्षणापासून "मामा" म्हणायला लागली.

"बरं झाला आलास, दादा," कुंदा म्हणाली. "आमच्या पोरीला मामाच नव्हता. लग्नात तिला उभी करायला भाड्यानं आनल्यासारका शेजारचा आनला." आणि मग दोन दिवस मला तिनं असं वागवलं की मी तिथंच वाढलो असं वाटावं. सकाळी घावणे आणि नारळाचं दूध. दुपारी वालाचं बिरडं, माझी सहा महिन्यांची उपासमार ऐकून मुद्दाम केलेलं. "घाटावरची मानसं, तिकाट खातात नि बोलतात बी तिकाट," असं चिडवत चिडवत ताटात आणखी वाढायची. मी सुपारी सोलायला बसलो तर माझं सोलणं बघून मायलेकी लोटपोट हसल्या. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो की ती फोन करायची, "अरे, अंधार पडायच्या आत ये, भाकरी टाकतंय." चार वर्षांत मला कुणी ये म्हटलं नव्हतं.

म्हणून मी रक्ताचं काही सांगितलं नाही. कबूल करतो. पहिल्या दिवशी म्हटलं, आत्ताच तर आलोय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदानं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. "ये दादा, तुला गंमत दावतंय." पेटी उघडली आणि नाकात भपकारा शिरला. डांबराच्या गोळ्या. मूठमूठ टाकलेल्या.

"समुद्राच्या हवेला कसर लागतंय ना, आजी बी टाकायची," ती म्हणाली. "आन वादलात पत्रे उडाले, सगला भिजला, ह्येवढी पेटी तेवढी वाचली. तवापास्नं जास्तच टाकतंय." आतून तिनं एक गोधडी काढली. जुन्या नऊवारीची, मऊ, बारीक टाक्यांची. "आपल्या आजीनं शिवल्यान. दोन शिवल्या, एक तिकडं आजोलच्या घरात ठेवली, एक माज्या आयला दिली. आपल्या घरची रीत हाय, लेकीच्या बालाला पाचवीला हिच्यातच गुंडालायचा. मंग रोज. आता प्राचीच्या बालाला."

मी गोधडी हातात घेतली. मऊ होती हो. आणि भिंतीला चिकटवलेल्या डॉक्टरबाईंच्या यादीतली शेवटची ओळ माझ्या डोळ्यांसमोर आली, डांबराच्या गोळ्या.

आधी भित्रेपणा केला. म्हटलं, "कुंदा, हा वास बाळाला सोसायचा नाही. नवं दुपटं आणू की."

"वास उडतंय रं. मी ह्याच्यातच वाढली. प्राची पन."

"आणि तुझा पहिला?"

"त्यो पन," ती म्हणाली. "पाचवीला गुंडालला. त्याच्या नशिबात नव्हता."

मी समुद्रावर जाऊन आलो. भरती होती, चालायला वाळू कमी होती. सगळं एकाला एक लागत होतं. मुली त्याच गोधडीत वाढल्या, मुलगे पिवळे पडले. मी देशावर जन्मलो, फलटणच्या आजीच्या भांडणामुळे गोधडी माझ्यापर्यंत पोचली नाही, म्हणून मी आहे. नुसतं "गोधडी वापरू नको" म्हटलं तर कुंदा ऐकणार नाही, ती तिच्या आईची खूण आहे. कारण सांगितलं तर ऐकेल. पण कारण सांगणं म्हणजे तिला सांगणं, की बाई, तुझ्या हातानं झालं. तेही कायमचं. आणि सांगितल्यावर हे घर मला राहील का? हाही विचार आला. खोटं कशाला बोलू, तो जास्तच आला.

दुपारी मायलेकी ओटीवर होत्या. मी सगळं सांगितलं. माझं आजारपण, एका अक्षराचा फरक, तो लेकींमधून कसा जातो, मुलग्यांना कसा भोवतो. मग डांबरगोळ्यांचं. तान्ह्या मुलाच्या कातडीतून, श्वासातून ते आत जातं. ज्याचं रक्त आमच्यासारखं नसेल त्याला सहसा काही होत नाही. आमच्यासारखं असेल तर रक्त फुटतं आणि कावीळ डोक्यात चढते. म्हटलं, "प्राचीकडे तो फरक असेलच असं नाही. बाळ मुलगी असू शकतं. पण रक्त तपासेपर्यंत गोधडी नको."

प्राची लगेच म्हणाली, "मामा, त्या तपासणीचं नाव लिहून द्या." दुकानातली पोरगी, तिला समजलं.

कुंदा सुपाऱ्या उलट्यासुलट्या करत राहिली. मग म्हणाली, "मंजे सटवीनं न्हाय नेला."

"कोप-बिप काही नव्हता, कुंदा. शापही नव्हता. तुला कुणी बोललं असेल..."

"सासरची सगली बोलली. धाकटे दीर अजून बोलतात. मी अठ्ठावीस वर्सं सटवीला शिव्या घातल्या, दादा. आता कुनाला घालू? आयला? तिनं तर मायेनं दिलेली." तिचा आवाज चढला. "का मला? मीच गुंडालला ना त्याला! रडत व्हता तवा अजून घट्ट गुंडालला!"

मी म्हटलं, तुला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या आईच्या वेळी तर डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. सगळं खरं होतं, आणि त्यातल्या एकाही शब्दाचा तिला उपयोग नव्हता. ती उठली, आत गेली, दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

संध्याकाळी जेवण वाढलं ते प्राचीनं. सकाळी कुंदा अंगणात आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू आज जा, दादा. तुजा चुकला न्हाय. पन तुला बघितला की मला त्यो दिसतंय."

मी बॅग भरली. प्राची पोटाला हात लावून फाटकापर्यंत आली. मी लिहून दिलेल्या यादीचा तिनं मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता. "आई वळेल, मामा. वेळ लागेल." सहा सीटर रिक्षा आली. मी मागं वळून बघितलं, ओटीवर कुणी नव्हतं. दिघीपर्यंत शेजारी नारळाची पोती होती, माणूस नव्हतं, तेवढं बरं झालं. माझं तोंड कुणाला दिसलं नाही.

फलटण

फाल्गुनात प्राचीचा फोन आला. मुलगा झाला. आधीच सांगून ठेवल्यामुळे जन्मल्याबरोबर रक्त तपासलं आणि तो फरक निघाला. डॉक्टर सावध होते. तिसऱ्या दिवशी थोडा पिवळा दिसायला लागला तसा दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवला. आता छान आहे, दूध ओढतोय, रात्रभर जागवतोय. त्याच्या कागदावर डॉक्टरांनी लाल शाईनं काय काय द्यायचं नाही ते लिहून दिलंय. बाकी तो चारचौघांसारखा वाढेल.

मी फोन ठेवला आणि घरात एकटाच मोठ्यानं हसलो. आमच्या घरच्या लेकींपैकी कुणाचा तरी पहिला मुलगा वाचला! आणि माझ्यासारखं रक्त असलेलं आणखी एक माणूस आता या जगात आहे. मला इतका आनंद सुमन गेल्यापासून झाला नव्हता.

"आई कुठाय?" मी प्राचीला विचारलं होतं. ती म्हणाली, इथंच आहे, बाळाला घेऊन बसलीय. देऊ का? मागं जरा कुजबुज झाली. मग प्राची म्हणाली, "नको म्हणते, मामा. मी नंतर करते." मी म्हटलं, काही हरकत नाही. हरकत होती. पण तिच्या जागी मी असतो तर मीही फोन घेतला नसता.

गेल्या आठवड्यात अनंतचा फोन आला. मामीची तब्येत सांगितली, वाल पाठवतो म्हणाला, आणि बोलता बोलता म्हणाला, रविवारी दिवेआगरला जाऊन आलो, बारशाला. गर्दी होती, जेवण झक्क होतं, बाळ गुटगुटीत आहे. त्याला वाटलं मला बोलावणं असणार, कामामुळे आलो नसेन. मी हो म्हटलं.

त्याला विचारलं असतं तर त्यानं बाळाचं नाव लगेच सांगितलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. पण विचारलं नाही. ते मला कुंदानं सांगायला हवंय.